अळंब्यांची ओळख शेतकऱ्यानें कशी करून घ्यावी

मृगाचा पाऊस बरा होऊन आर्द्रा नक्षत्र लागलें कीं बांधावर, गुरचरणींत, पडक्या गोठ्याच्या कडेस, जुन्या झाडांच्या मुळांशीं व वारुळांच्या माथ्यावर एका रात्रींत पांढऱ्या, करड्या, तांबूस छत्र्या उगवलेल्या दिसतात. आदले दिवशीं संध्याकाळीं जेथें नुसता चिखल होता, तेथें सकाळीं टोपलीभर अळंबीं पाहून मुलें हरखतात आणि मोठ्या माणसांत लागलीच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सर्व विषच आहे, पायानें तुडवून टाका. दुसरा म्हणतो, चांदीचा रुपया घालून शिजवा. रुपया काळा पडला नाहीं तर खुशाल खा. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. परंतु पहिल्याच्या चुकीनें फार तर एका वेळची भाजी जाते, दुसऱ्याच्या चुकीनें घर बुडतें. याकरितां अळंबें ओळखण्याची रीत काय, ती शिकण्यास किती काळ द्यावा व कोठें थांबावें, हें शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अळंब्यास कोणी भूछत्र म्हणतात, कोणी कुत्र्याची छत्री म्हणतात. सामान्य रीत अशी कीं, जें खाण्यांत आहे तें अळंबें व जें टाकून द्यावयाचें तें कुत्र्याचें. जुन्या ग्रंथांत त्यास छत्राक असें नांव असून मनुस्मृतींत तें द्विजांस वर्ज्य सांगितलें आहे. हा निषेध कशासाठीं घातला याचा वाद येथें करीत नाहीं. इतकेंच सांगावयाचें कीं, ही वस्तु आपल्या लोकांस नवी नव्हे व तिजविषयींची धास्तीही नवी नव्हे.

अळंबें म्हणजे झाड नव्हे. त्यास हिरवा रंग नाहीं, म्हणून उन्हापासून आपलें अन्न तें तयार करूं शकत नाहीं. जमिनींत, कुजक्या लांकडांत, शेणांत किंवा जिवंत झाडांच्या मुळांभोंवतीं पांढऱ्या सुतासारख्या तंतूंचें जाळें पसरलेलें असतें, तोच खरा जीव होय. आपण जी छत्री पाहतों ती त्या जाळ्याचें फळ. आंब्याच्या झाडाला आंबा, तशी या जाळ्याला छत्री. फळांत बीं असतें, तसे या छत्रीच्या खालच्या अंगास डोळ्यांस न दिसणारे असंख्य बीजकण असतात. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे एका रात्रींत छत्री कशी उगवते याचें आश्चर्य राहत नाहीं. तिची तयारी जमिनीखालीं कित्येक दिवस चाललेली असते.

खोट्या कसोट्या

प्रथम ज्या कसोट्यांवर लोक विसंबतात त्यांचा निकाल लावूं. चांदीचें नाणें किंवा चमचा काळा पडणें, लसूण अगर तांदूळ शिजवतांना रंग बदलणें, यांचा विषाशीं कांहीं संबंध नाहीं. चांदी काळी पडते ती गंधकाच्या अंशानें. अंड्यानेंही ती काळी पडते, म्हणून अंडें विषारी ठरत नाहीं. अत्यंत घातक अळंब्यांतलें विष चांदीस स्पर्शही करीत नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, ज्यास किडा लागला किंवा गोगलगाईनें खाल्लें तें माणसास निर्धोक. हेंही खोटें, माणसास मारणारें अळंबें गोगलगाय आरामांत खाते. तिसरी समजूत, टोपीची साल सोलून निघाली तर खावें. चौथी, पांढरें असेल तें चांगलें व रंगीत असेल तें वाईट. वास्तविक सर्वांत प्राणघातक अळंब्यांत शुभ्र पांढरींही आहेत. पांचवी, खूप शिजविल्यानें, वाळविल्यानें किंवा मिठाच्या पाण्यांत ठेविल्यानें विष निघून जातें. जें विष यकृत नासवितें तें उकळल्यानें व वाळविल्यानें नाहींसें होत नाहीं.

सारांश, सर्व अळंब्यांस लागू पडेल अशी एकही कसोटी नाहीं. विषारी व खाद्य असे अळंब्यांचे दोन वर्ग निसर्गानें पाडलेले नाहींत. निरनिराळ्या जाती आहेत, आणि जात ओळखणें हाच एक मार्ग आहे.

पंचनामा कसा करावा

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. तेथें एक गोष्ट अंगवळणी पडते ती ही कीं, एका खुणेवरून जमीन कोणाची हें ठरवावयाचें नसतें. नंबर जुळला, पण चतुःसीमा जुळल्या नाहींत तर कागद परत जातो. तीन सीमा जुळल्या व चौथी जुळली नाहीं तरीही परत जातो. अळंब्यास हाच नियम लावावा. खालील प्रत्येक बाब पाहावी व एकही विसंगत आढळली तर तें अळंबें घरांत आणूं नये.

(१) जागा. तें कशावर उगवलें आहे? वारुळावर, शेणावर, कुजक्या ओंडक्यावर, उघड्या गवतांत, कीं एकाद्या झाडाच्या मुळांच्या परिसरांत? कोणतें झाड जवळ आहे?

(२) काळ. कोणतें नक्षत्र चालू आहे व पाऊस किती दिवसांपूर्वीं पडला?

(३) टोपी. लांबी-रुंदी, रंग, मध्यें टोंक आहे कीं सपाट, वर खवले आहेत कीं गुळगुळीत, ओली असतां चिकट लागते काय?

(४) टोपीचें खालचें अंग. बहुतेकांस वहीच्या पानांसारख्या पातळ पात्या असतात, कांहींस बारीक छिद्रें असतात. पात्या दांड्यास चिकटल्या आहेत कीं अलग आहेत? रंग कोंवळेपणीं कोणता व जुनें झाल्यावर कोणता?

(५) दांडा. पोकळ कीं भरीव? त्यावर कांकणासारखें कडें आहे काय?

(६) बुंधा. ही सर्वांत महत्त्वाची बाब होय आणि नेमकी हीच लोक जमिनींत सोडून येतात. अळंबें कधींही मोडून किंवा कापून घेऊं नये. ओळख पटेपर्यंत विळ्याच्या टोंकानें भोंवतालची माती उकरून तें मुळासकट काढावें. तळाशीं अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी किंवा पेला आहे काय, गांठ आहे काय, कीं सोंडेसारखें लांब मूळ खोल गेलें आहे, हें पाहावें.

(७) वास, व कापल्यावर आंतला रंग पालटतो काय.

(८) बीजकणांचा रंग. हा घरीं काढावयाचा. पूर्ण उमललेली टोपी दांड्यापासून वेगळी करून, पात्या खालीं येतील अशी कागदावर ठेवावी. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असावा, कारण पांढरे बीजकण पांढऱ्या कागदावर दिसत नाहींत. वर वाडगें पालथें घालून रात्रभर राहूं द्यावें. सकाळीं टोपी उचलतांच कागदावर पात्यांच्या रेघांचा ठसा उमटलेला दिसतो. तो पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळा किंवा हिरवा असतो. पात्यांचा रंग व ठशाचा रंग एकच असतो असें नाहीं, म्हणून ठसा काढल्यावांचून अनुमान करूं नये.

पहिली जात कोणती शिकावी

नवशिक्यानें दहा जाती एकदम शिकण्याचा हव्यास धरूं नये. आपल्याकडे एकच शिकावी, ती वारुळावरील. कोंकणांत व घाटावर जुने लोक पावसाळ्यांत जिची वाट पाहतात व गोव्यांत जीस वारुळावरून रोणाचीं अळमीं म्हणतात, ती हीच. शास्त्रांत या वंशास टर्मिटोमायसीस म्हणतात. रोजेर हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञानें तें नांव १९४२ मध्यें दिलें.

या अळंब्याची हकीकत शेतकऱ्यास मोठी मनोरंजक वाटेल, कारण तें एका दुसऱ्या शेतकऱ्याचें पीक आहे. वारूळ बांधणारी विशिष्ट जातीची वाळवी वाळलेलें लांकूड, पाचोळा व काड्या खाऊन आंत आणते, आपल्या विष्ठेचे स्पंजासारखे सच्छिद्र गड्डे रचते व त्यांवर या बुरशीची लागवड करते. लांकडांतील जो कठीण भाग वाळवीस पचत नाहीं तो बुरशी मऊ करते. मग वाळवी तो गड्डा व बुरशीचे बारीक पांढरे दाणे खाते. पावसाळ्यांत याच गड्ड्यावरून बुरशीचें फळ माती फोडून वर येतें. या वाळवीवांचून तें वाढत नाहीं, म्हणून बाजारांतील बटण किंवा धिंगरी अळंब्यांसारखी त्याची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाहीं. त्यास रानांत जो भाव येतो त्याचें कारण हेंच.

त्याच्या चतुःसीमा अशा. जागा वारूळ, किंवा जमिनीखालीं गाडलेलें जुनें वारूळ. टोपीच्या मध्यभागीं माती फोडून येण्याजोगा कठीण उंचवटा, बहुधा टोंकदार व इतर टोपीहून गडद. पात्या दाट, दांड्यापासून अलग, प्रथम पांढऱ्या व मागाहून किंचित् गुलाबी. दांडा भरीव, तंतुमय. तळाशीं पेला मुळींच नाहीं. त्याऐवजीं दांडा जमिनींत सोंडेसारखा निमुळता होत खोल जातो व थेट वाळवीच्या गड्ड्यास मिळतो. ठसा गुलाबी. याच वंशांत अगदीं बारीक, बोटाच्या पेराएवढीं, शेंकड्यांनीं उगवणारींही अळंबीं आहेत, तीं वाळवीनें बाहेर टाकलेल्या गड्ड्याच्या चुऱ्यावर येतात व त्यांस लांब सोंड नसते. तीं नवशिक्यानें पुढील वर्षांवर टाकावीं.

पहिल्या वर्षीं एक अळंबें निवडून त्याच्या सोंडेच्या मागोमाग हळूहळू खणत जावें व ती गड्ड्यापर्यंत पोंचते हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. लांब मूळ असलेलीं दुसरींही अळंबीं आहेत. परंतु त्यांचें मूळ गाडलेल्या लांकडास भिडतें व ठसा पांढरा येतो. गुलाबी ठसा देणारीं कांहीं विषारी अळंबींही आहेत. परंतु त्यांचा वाळवीच्या गड्ड्याशीं संबंध नसतो. म्हणजे सोंड एकटी पुरेशी नाहीं, ठसा एकटा पुरेसा नाहीं, वारूळ एकटेंही पुरेसें नाहीं, कारण वारुळाच्या कडेच्या गवतांत दुसरें कांहीं उगवूं शकतें. सर्व सीमा एकत्र जुळल्या पाहिजेत.

ज्यांनीं घात होतो तीं

पहिलें, हिरव्या ठशाचें. शास्त्रीय नांव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. तें कुरणांत, हिरवळींत व अंगणांत गोल रिंगण करून उगवतें. मोठें, देखणें, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर वरखालीं सरकणारें कडें. टोपी १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद होते, म्हणून टोपली लवकर भरते आणि मोह पडतो. कोंवळेपणीं याच्याही पात्या पांढऱ्याच असतात. बीजकण पिकले म्हणजे हिरवट होतात. खाल्ल्यापासून १ ते ३ तासांत जबर ओकारी व जुलाब सुरू होतात. लहान मुलांस व वृद्धांस शरीरांतील पाणी जाऊन धोका होतो.

दुसरें, अमानिता वंशांतील. यांतील सर्व विषारी नाहींत, परंतु जगांत अळंब्यांनीं होणाऱ्या मृत्यूंपैकीं बहुतेकांचें कारण याच वंशांत आहे. पांढऱ्या अलग पात्या, पांढरा ठसा, दांड्यावर कडें व तळाशीं पेला, हीं त्याचीं लक्षणें. कडें पावसानें गळून जातें व पेला मातींत राहतो, म्हणूनच मोडून आणलेलें अळंबें कोणाही जाणत्यास ओळखतां येत नाहीं. कोंवळेपणीं हें पांढऱ्या अंड्यासारखें दिसतें. अंड्यासारखें कांहीं सांपडल्यास तें उभें चिरावें. आंत टोपी व दांड्याची आकृति दिसली तर तें अळंब्याचें कोंवळें रूप आहे असें समजून टाकून द्यावें.

येथें एक परदेशचें उदाहरण सांगणें जरूर आहे. भाताच्या पेंढ्यावर वाढणारें अळंबें पूर्वेकडील देशांत आवडीनें खातात. त्याच्याही तळाशीं पेला असतो, परंतु ठसा गुलाबी असतो. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा शहरीं ३१ डिसेंबर २०११ च्या रात्रीं अमानिता फॅलॉइडीस जातीचीं अळंबीं घातलेलें जेवण जेवून दोन माणसें पुढील आठवड्यांत मरण पावलीं; त्यांपैकीं एक व्यवसायानें आचारी होता व चीनमधून तेथें गेलेला होता. पेंढ्यावरील अळंब्याची ओळख ज्यांना लहानपणापासून आहे, अशीं माणसें परमुलखांत या जातीला फसतात हें वैद्यांच्या पाहण्यांत वारंवार आलें आहे. आपल्या गांवचें ज्ञान आपल्या गांवापुरतें खरें असतें. कोंकणांतून विदर्भांत किंवा देशावरून मलबारांत गेलेल्यानें तेथील रानांत पुन्हा पहिल्यापासून शिकावें.

तिसरें, लेपिओटा वंशांतील लहान खवलेदार छत्र्या. यांस पेला नसतो, तरी कांहींत तेंच प्राणघातक विष असतें. तेव्हां पेला नाहीं म्हणून निर्धोक, असें म्हणणाऱ्याचें ऐकूं नये.

विषबाधा झाल्यास

या विषाची चाल मोठी कपटी आहे. खाल्ल्यानंतर ६ तास, कधीं १२ तास, कधीं त्याहूनही अधिक काळ माणूस ठणठणीत असतो. जेवण विसरून गेल्यावर पटकीसारखे जुलाब व ओकाऱ्या सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उतार पडल्यासारखें वाटतें व घरचीं माणसें निर्धास्त होतात. त्याच वेळीं आंत यकृताचा नाश चाललेला असतो. पुढें कावीळ, भ्रम व मृत्यु. प्रौढ माणसास अमानिता फॅलॉइडीसचें एक अळंबेंही पुरेसें होतें. एप्रिल २०२२ मध्यें आसामांत रानांतील विषारी अळंबीं खाल्ल्यामुळें १३ माणसें दगावलीं. त्यांत चहाच्या मळ्यांतील कुटुंबें होतीं व एक लहान मूलही होतें. तीं माणसें अविचारी नव्हतीं. दरवर्षींप्रमाणें त्यांनीं रानभाजी म्हणून अळंबीं खुडलीं होतीं.

म्हणून लक्षणें केव्हां सुरू झालीं हें घड्याळ पाहून लिहून ठेवावें. तासा-दोन तासांत सुरू झालीं तरी दवाखान्यांत जावेंच. पण ६ तासांनंतर सुरू झालीं तर एक क्षणही घालवूं नये. लहान गांवच्या दवाखान्यावर न थांबतां मोठ्या रुग्णालयांत पोंचावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. उतार पडला म्हणून मध्यें परत फिरूं नये. ज्यांनीं तें जेवण जेवलें त्या सर्वांस, कांहीं होत नसलें तरी, बरोबर न्यावें. उरलेली भाजी, सोललेले तुकडे व शक्य असल्यास ओकारीही डब्यांत घालून न्यावी. घरगुती उतारे, ताक, तूप, मंत्र यांत वेळ दवडूं नये. वेळीं पोंचलेला रोगी शिरेंतून दिलेलें पाणी, औषधें व प्रसंगीं यकृताचें प्रत्यारोपण यांनीं वांचूं शकतो.

शिकण्याची रीत व पथ्यें

पुस्तकापेक्षां माणूस बरा. प्रत्येक भागांत रानभाज्या आणणाऱ्या ठाकर, वारली, कातकरी बाया आहेत, गांवांत जुन्या आजीबाई आहेत. त्यांच्याबरोबर रानांत जावें, त्या कोणतें घेतात याहूनही कोणतें टाकतात तें पाहावें, व कां टाकलें तें विचारावें. त्यांच्या ज्ञानाचा मोबदला द्यावा. हल्लीं भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून नांव विचारण्याची सोय झाली आहे. परंतु छायाचित्रांत बुंधा नसतो, ठसा नसतो, वास नसतो. तिचा उपयोग अभ्यासापुरता करावा, चुलीवर चढविण्याचा निर्णय तिजवर सोंपवूं नये.

एक टिपणवही करावी. तारीख, नक्षत्र, जागा व वरील आठ बाबी लिहाव्या, शेजारीं ठशाचा कागद चिकटवावा. पहिला पावसाळा केवळ पाहण्यांत व लिहिण्यांत घालवावा, खाऊं नये. दुसऱ्या पावसाळ्यांत त्याच वारुळावर तेंच अळंबें त्याच सुमारास येतें कीं नाहीं हें ताडून पाहावें, व जाणत्याच्या संमतीनेंच स्वयंपाकघरांत न्यावें. वारुळें बहुधा वर्षानुवर्षें त्याच जागीं फळतात, म्हणून शेतांतील वारुळांची नोंद शेतकऱ्यास सोपी आहे.

ओळख पटली तरी कांहीं पथ्यें राहतातच. निरनिराळ्या जातींचीं अळंबीं एका टोपलींत मिसळूं नयेत. जुनें, पिचलेलें, वास मारणारें टाकावें. कीटकनाशक अगर तणनाशक फवारलेल्या शेतांतलें व हमरस्त्याच्या कडेचें घेऊं नये. कच्चें खाऊं नये. प्रथम खाणाऱ्यानें थोडेंच खावें. प्रत्येक वेळीं एक अख्खें अळंबें न शिजवितां कागदांत गुंडाळून दोन दिवस थंड जागीं ठेवावें. दुर्दैवानें प्रसंग आलाच तर वैद्यास त्याचा उपयोग होतो. लहान मुलें, गरोदर स्त्रिया व यकृताचा विकार असलेलीं माणसें यांस रानचें अळंबें देऊंच नये.

आपल्या शेतावर काम करणाऱ्या मजुरांकडेही लक्ष देणें हें जमीनधारकाचें कर्तव्य आहे. लावणीच्या दिवसांत परगांवाहून मजूर येतात. त्यांच्या हातीं पैसा थोडा, मुलूख अपरिचित, व बांधावर फुकटची भाजी उगवलेली. ज्या गांवचे ते असतात तेथें ती छत्री खाद्य असेल, आपल्या बांधावरची नसेल. लावणी सुरू होण्याच्या दिवशीं मालकानें एवढें सांगितलें कीं, "येथलीं अळंबीं मला दाखविल्यावांचून शिजवूं नका," तर तेवढ्यानें जीव वांचतो.

शेवटीं वारुळाविषयीं एक शब्द. वाळवी पिकास व घरास उपद्रव देते हें खरें. जें वारूळ पिकाच्या आड येतें त्याचा बंदोबस्त करण्यास कोणी अडवीत नाहीं. परंतु पड जमिनींत व बांधावर असलेलीं वारुळें अळंब्यांच्या लोभानें खणून फोडूं नयेत. आंतील गड्डा नासला कीं पुढील वर्षीं तेथें कांहीं येत नाहीं. उमललेलीं घ्यावीं, कांहीं बीजकण पसरण्याकरितां तशींच ठेवावीं, व उकरलेली माती पुन्हा लोटावी.

ज्यास एक जात पक्की ओळखतां येते व बाकीच्या सर्वांस हात न लावण्याचा संयम आहे, तो अळंब्यांचा खरा जाणकार होय. येत्या मृगापूर्वीं वाचकांनीं एक वही व अर्धा काळा कागद तयार ठेवावा, व आपल्या शेतांतील वारुळें मोजून ठेवावीं.